घरच्या सुतारखोलीसाठी कॅबिनेट टेबल सॉची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ पेशाने सुतार नाहीत. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी घराला लागून असलेल्या एका खोलीत छंद म्हणून लाकूडकाम सुरू केले आणि पुढे खुर्च्या, फडताळे, पुस्तकांची कपाटे असे नित्य वापराचे सामान ते स्वतः घडवू लागले. त्यांची तरुण मुलगीही याच खोलीत काम करते. तिचा कल लहान पेट्या आणि खोक्यांकडे असून बहुतेक वेळा ती संध्याकाळनंतर एकटीच काम करत असते. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील वगळले आहेत. यंत्रांविषयीच्या बाबी मात्र जशा घडल्या तशाच मांडल्या आहेत.

खोली साडेसहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. एका भिंतीला लागून कामाचे बाक, दुसऱ्या बाजूला रंधायंत्र आणि लहान बँडसॉ, आणि मध्यभागी उचलून नेता येईल अशी हलकी टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या फिरत्या गोल पात्याचे करवतयंत्र, अशी तेथील मांडणी होती. ही सॉ मुळात बांधकामाच्या जागी वापरण्यासाठी बनवलेली. तिचे टेबल अ‍ॅल्युमिनियमचे, मोटर ड्रिल मशीनमध्ये असते तशी कार्बन ब्रशची, आणि एकूण वजन एका माणसाला उचलता येईल इतकेच. प्लायवूडच्या पट्ट्या आणि पातळ फळ्या कापण्यापुरती ती पुरेशी होती. कठीण लाकडाच्या जाड फळ्यांपासून खुर्चीचे पाय आणि चौकटी घडवण्याचे काम सुरू झाल्यावर तिच्या मर्यादा दिसू लागल्या.

अडचण

तक्रारी तीन प्रकारच्या होत्या. पन्नास मिलिमीटर जाडीची कठीण फळी उभी चिरताना मोटर दमत असे, पुढे सरकवण्याचा वेग कमी करावा लागे आणि वेग कमी केला की कापलेल्या कडेवर काळे डाग पडत. दुसरी तक्रार फेन्सची, म्हणजे फळी जिच्या आधाराने सरकते त्या आडोशाची. ती घट्ट केल्यावरही मागच्या टोकाला अंगठ्याने दाबली असता मिलिमीटरभर हलत असे, त्यामुळे एकाच मापाच्या चार पट्ट्या चार मापांच्या निघत आणि प्रत्येक पट्टी पुन्हा रंध्यावर घ्यावी लागे.

तिसरी बाब केवळ गैरसोयीची नव्हती. एका संध्याकाळी मुलगी एक आखूड पट्टी चिरत असताना ती पट्टी मागे फेकली गेली आणि मुलीच्या कुशीजवळून जाऊन भिंतीवर आदळली. मुलगी पात्याच्या सरळ रेषेत उभी नव्हती म्हणून इजा झाली नाही. याला किकबॅक म्हणतात. पात्याच्या पुढच्या भागातील दाते लाकूड टेबलावर खाली दाबतात, परंतु मागच्या भागातील दाते टेबलातून वर येत असतात. चीर पडलेले लाकूड आतील ताणामुळे मिटले, किंवा फेन्स पात्याशी समांतर नसल्याने पट्टी थोडी वळली, की ती या वर येणाऱ्या दातांवर चढते आणि काम करणाऱ्याच्या दिशेने भिरकावली जाते. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. लाकडाला तेवढाच वेग मिळतो असे नाही, पण वेगाचा हिशेब तेथून सुरू होतो.

जुन्या सॉसोबत रायव्हिंग नाइफ, म्हणजे चीर मिटू नये म्हणून पात्याच्या मागे उभी राहणारी पोलादी पट्टी, आलेली होती, पण खाचा पाडताना ती काढली गेली आणि परत बसवली गेली नव्हती. ती बसवण्यासाठी टेबलाची पट्टी उचलून आतला स्क्रू सैल करावा लागे. सुरक्षेचे जे साधन बसवायला त्रासदायक असते ते खणात पडून राहते, हे अनेक सुतारखोल्यांत दिसते आणि त्याचा दोष केवळ वापरणाऱ्याला देणे रास्त नाही. नवे यंत्र निवडताना हा मुद्दा निकषांत वर ठेवण्यात आला.

गरज ठरवण्याची पद्धत

सल्ल्यासाठी ते प्रस्तुत लेखकाकडे आले तेव्हा त्यांच्या मनात यंत्र जवळपास ठरलेले होते : कॅबिनेट सॉ, म्हणजे बंद लोखंडी पेटीवर उभी असलेली जड टेबल सॉ, आणि तिला तीन अश्वशक्तीची मोटर, बिडाचे टेबल आणि पात्याच्या उजवीकडे ५२ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे १,३२० मिलिमीटर, रुंदी देणारे लांब रूळ. ही निवड त्यांनी यंत्रांच्या माहितीपत्रकांवरून केली होती. आपल्या कामावरून यंत्र निवडावे हा क्रम उलटा झाला होता, म्हणून काही आठवडे प्रत्येक कामाच्या दिवशी टेबल सॉवर कोणते छेद घेतले याची नोंद ठेवण्याचे ठरले. नोंदीत लाकडाचा प्रकार, जाडी, छेदाची दिशा आणि फेन्सपासूनचे अंतर एवढेच लिहायचे होते.

नोंदींतून जे दिसले ते दोघांनाही अपेक्षित नव्हते. निम्म्याहून बरेच अधिक छेद पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडात उभे चिरण्याचे होते. पन्नास मिलिमीटरच्या फळ्या त्यामानाने क्वचित येत, मात्र त्या आल्या की दिवसभराचे काम त्यांच्यावरच अडकत असे. फेन्सपासून सहाशे मिलिमीटरहून अधिक रुंदीचे छेद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि ते सगळे प्लायवूडचे अखंड ताव फाडण्यासाठी घेतलेले होते.

प्लायवूडचा ताव २,४४० मिलिमीटर लांब असतो. तो टेबल सॉवर लांबीच्या दिशेने फाडायचा तर पात्याच्या पुढे तेवढी आणि मागे तेवढी, म्हणजे सुमारे पाच मीटर मोकळी जागा लागते, शिवाय माणसाला उभे राहायला जागा लागते ती वेगळीच. साडेसहा मीटरच्या खोलीत हे कागदावर बसते, पण भिंतीलगतचे बाक आणि रंधायंत्र जमेस धरल्यास बसत नाही. एकट्या माणसाने पूर्ण ताव टेबल सॉवर ढकलणे हे तसेही जिकिरीचे असते, कारण तावाचा तोल सांभाळताना तो फेन्सपासून सुटतो आणि नेमक्या त्याच क्षणी किकबॅकचा धोका उद्भवतो. त्यामुळे ताव आधी जमिनीवर थर्माकोलच्या जाड पत्र्यावर ठेवून ट्रॅक सॉने, म्हणजे सरळ रुळावरून चालणाऱ्या हातातील गोल करवतीने, लहान तुकड्यांत फाडावा आणि टेबल सॉवर केवळ अचूक मापाचे काम करावे असे ठरले. या एका निर्णयाने लांब रुळांची गरज संपली. ३६ इंचांचे, म्हणजे ९१५ मिलिमीटरचे रूळ असलेल्या यंत्राची एकूण रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते आणि लांब रुळांच्या यंत्राची सव्वादोन मीटरपर्यंत जाते. चार मीटरच्या खोलीत हा फरक चालण्याची वाट असणे आणि नसणे एवढा आहे.

विचारात घेतलेले पर्याय

सरकत्या टेबलाचे पॅनेल सॉ लगेच बाद झाले. कपाटांच्या कारखान्यात त्याला तोड नाही, पण त्याच्या सरकत्या बाजूचा पूर्ण प्रवास या खोलीत मावत नव्हता.

हलकी सॉ आणि कॅबिनेट सॉ यांच्या मधल्या, हायब्रिड प्रकारच्या सॉचा विचार अधिक गांभीर्याने झाला. या यंत्रांना खाली बंद पेटी असते आणि मोटर साधारण पावणेदोन अश्वशक्तीची असते. खरा फरक आत असतो. पाते, ते ज्यावर फिरते तो दंड आणि कलतेपणाची यंत्रणा ज्या ओतीव आधारांवर बसते त्यांना ट्रनियन म्हणतात. हलक्या यंत्रांत आणि काही हायब्रिड यंत्रांत ट्रनियन टेबलाच्या खालच्या अंगाला टांगलेले असतात, तर कॅबिनेट सॉमध्ये ते लोखंडी पेटीवर बसवलेले असतात आणि टेबल वेगळे वरून ठेवलेले असते. पाते टेबलावरील खाचेशी, म्हणजे आडव्या छेदाचे मापक जिच्यातून सरकते तिच्याशी, समांतर करायचे झाल्यास पहिल्या प्रकारात अंधारात हात घालून ट्रनियनचे बोल्ट सैल करून सगळी जड यंत्रणा हलवावी लागते. दुसऱ्या प्रकारात टेबलाचे बोल्ट सैल करून टेबलच किंचित सरकवले की काम होते. वजनाचाही परिणाम होतो, कारण दोनशे किलोहून अधिक वजनाचे यंत्र थरथरत नाही आणि लांब फळी टेकवली तरी कलत नाही. टेबलावर नाणे उभे करून यंत्र चालू करून दाखवण्याची विक्रेत्यांची जुनी रीत आहे. त्यातून कंपन कमी आहे एवढेच कळते, फेन्स आणि दंड यांच्याविषयी काहीच कळत नाही.

तिसरा पर्याय एका बंद पडलेल्या कारखान्यातील जुन्या औद्योगिक कॅबिनेट सॉचा होता आणि त्याने बराच वेळ घेतला. या यंत्रांची मूळ रचना जुनीच आहे. डेल्टा कंपनीने १९३९ साली आणलेल्या युनिसॉमध्ये जी मांडणी होती तीच थोड्याफार बदलांनी आजही चालते, त्यामुळे जुने यंत्र म्हणजे कालबाह्य यंत्र असे समजण्याचे कारण नाही. बीड भरपूर, टेबल सपाट आणि मागणी रास्त होती. गृहस्थ डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक, घेऊन गेले आणि पाते काढून दंडाच्या कॉलरचा, म्हणजे पाते ज्याला टेकून बसते त्या कड्याचा, डगमग मोजला. तो कडेजवळ ०.०८ मिलिमीटर निघाला. आकडा लहान वाटतो, पण कॉलरची त्रिज्या पस्तीस मिलिमीटर आणि पात्याची १२७ मिलिमीटर असल्याने पात्याच्या कडेला हाच डगमग साडेतीन पटीने वाढून ०.३ मिलिमीटरच्या जवळ जातो. बेअरिंग बदलून तो कमी झाला असता की दंडच वाकलेला होता हे यंत्र उघडल्याशिवाय सांगता येत नव्हते.

त्याहून मोठी अडचण मोटरची होती. ती थ्री फेजची होती आणि तिच्या पाटीवर केवळ ४१५ व्होल्टची जोडणी दिलेली होती. सिंगल फेजवरून थ्री फेज करणारी ड्राइव्ह बाजारात मिळते, पण साधी ड्राइव्ह २३० व्होल्ट घेऊन २३० व्होल्टच देते, आणि ज्या मोटरच्या तारा त्रिकोणी, म्हणजे डेल्टा पद्धतीने कमी व्होल्टवर जोडता येत नाहीत ती अशा ड्राइव्हवर पूर्ण जोर देत नाही. मोटर बदलणे शक्य होते. बदलता न येणारी गोष्ट एकच होती : या यंत्राला रायव्हिंग नाइफ नव्हती. पात्याच्या मागे उभी असणारी ही पोलादी पट्टी पात्यासोबत वर-खाली व्हावी आणि त्याच्यासोबत कलावी लागते, म्हणून ती दंडाच्या चौकटीवरच बसते आणि जुन्या चौकटीत तिला जागाच ठेवलेली नसते. जुन्या यंत्रांवर असतो तो स्प्लिटर, म्हणजे चीर उघडी ठेवणारी स्थिर पट्टी, पात्यावरच्या झाकणासोबत येतो, आणि झाकण काढले की तोही जातो. मुलगी एकटी काम करणार हे लक्षात घेता हा पर्याय येथेच थांबवण्यात आला. लेखकाच्या मते हा निर्णय योग्य होता, जरी ते यंत्र हातचे गेल्याची हळहळ गृहस्थांना बराच काळ वाटत राहिली.

उरले दोन पर्याय : नवी साधी कॅबिनेट सॉ, आणि बोट लागताच पाते थांबवणारी यंत्रणा असलेली नवी कॅबिनेट सॉ.

निर्णायक प्रश्न : पाते थांबवणारी यंत्रणा घ्यावी का

या तंत्राची सर्वांत परिचित आवृत्ती सॉस्टॉप या कंपनीची आहे. अमेरिकेतील स्टीव्ह गॅस यांनी ते १९९९ साली विकसित केले आणि कंपनीची पहिली यंत्रे २००४ साली बाजारात आली. पात्यावर एक क्षीण विद्युत संकेत सोडलेला असतो. लाकूड सहसा वीज वाहून नेत नाही, मानवी शरीर नेते, म्हणून बोटाचा स्पर्श होताच संकेत बदलतो आणि स्प्रिंगच्या जोराने अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दातांत घुसतो. पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबते आणि त्याच धक्क्याने टेबलाखाली जाते. ४,००० फेऱ्यांच्या वेगात एका पूर्ण फेऱ्याला पंधरा मिलिसेकंद लागतात, तेव्हा थांबेपर्यंत पात्याचा एक तृतीयांश फेराही पुरा होत नाही. बोटाला टाके पडतील की किरकोळ ओरखडा उमटेल हे बोट किती वेगाने आत जात होते यावर अवलंबून असते.

गृहस्थांची पहिली प्रतिक्रिया नकाराची होती, आणि त्यांची कारणे वाजवी होती. ठोकळा एकदा उडाला, म्हणजे पात्यात घुसला, की तो आणि पाते दोन्ही बदलावे लागतात. ओले लाकूड किंवा धातू लागला तरी यंत्रणा उडू शकते, म्हणून अशा कामासाठी ती तात्पुरती बंद ठेवावी लागते. खाचा पाडण्याच्या जोडपात्यांना वेगळा ठोकळा लागतो. पुढील अनेक वर्षे हे ठोकळे त्याच कंपनीकडून मिळत राहतील यावर भिस्त ठेवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही यंत्रणा किकबॅक रोखत नाही. ज्या प्रसंगाने हे सगळे सुरू झाले त्या प्रसंगात तिचा काहीच उपयोग झाला नसता.

शेवटचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. किकबॅकमध्ये फळी जशी माणसाकडे येते तसा फळीवर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो, आणि हाताच्या गंभीर इजा अशा वेळी होतात. त्यामुळे क्रम असा लावण्यात आला : किकबॅक होऊ नये यासाठी सहज बसणारी रायव्हिंग नाइफ आणि न हलणारी फेन्स या अटी अपरिहार्य, त्या पूर्ण करणाऱ्या यंत्रांतच पाते थांबवणाऱ्या यंत्रणेचा विचार. यंत्र केवळ गृहस्थच वापरणार असते तर लेखकाने साध्या कॅबिनेट सॉकडेच कल दाखवला असता आणि वाचलेली रक्कम भुसा ओढणाऱ्या यंत्रणेवर घालायला सांगितले असते. दोन व्यक्ती, त्यांतील एक नवशिकी आणि एकटी काम करणारी, ही परिस्थिती वेगळी होती. मुलीने स्वतः याबाबत आग्रह धरला नाही; निर्णय वडिलांचा होता, आणि तो त्यांनी बराच वेळ घेऊन केला.

शक्ती, कल आणि वीज

पाते थांबवणारी यंत्रणा ठरल्यावर पावणेदोन की तीन अश्वशक्ती हा प्रश्न उरला. तीक्ष्ण, चोवीस दात्यांचे, उभे चिरण्याचे पाते लावले तर पावणेदोन अश्वशक्तीत पन्नास मिलिमीटरची फळी चिरता येते, फक्त सावकाश. नोंदींनुसार अशी फळी क्वचित येत होती. लेखकाचे मत लहान मोटरच्या बाजूने होते. गृहस्थांनी तीन अश्वशक्तीची निवडली, आणि त्यामागील त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. मोटर लहान असली की तिच्यावरचा भार हलका करण्यासाठी माणूस पातळ छेदाच्या पात्याकडे वळतो. रायव्हिंग नाइफची जाडी मात्र पात्याच्या पत्र्याहून अधिक आणि दात्यांच्या छेदाहून कमी असावी लागते, त्यामुळे पातळ पात्यासाठी नाइफही वेगळी लागते आणि चुकीची नाइफ लागण्याची शक्यता तयार होते. मोटर मोठी असल्यास कायम पूर्ण जाडीचीच पाती वापरावीत आणि एकच नाइफ कायम यंत्रावर ठेवावी, असा त्यांचा विचार होता.

पाते डावीकडे कलणारे यंत्र घेण्यामागेही याचाच धागा आहे. फेन्स नेहमीप्रमाणे उजवीकडे असताना डावीकडे कलणारे पाते तिरक्या छेदात फेन्सपासून दूर झुकते, त्यामुळे पट्टी पाते आणि फेन्स यांच्यात अडकत नाही. त्याचा तोटा असा की या रचनेत पात्याचा स्थिर कॉलर डाव्या बाजूला असतो, म्हणून पाते बदलून जाडी बदलली की फेन्सवरील मापपट्टी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने चुकते. पाती एकाच जाडीची ठेवायची ठरल्याने हा तोटा आपोआप निकालात निघाला.

विजेचा भाग दोघांनीही आरंभी हलका धरला होता. खोलीत सोळा अँपिअरचे एक सर्किट होते, त्यावरच दिवे आणि रंधायंत्र चालत असे, आणि त्याचा एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढताच आपोआप वीज तोडणारी कळ, बी प्रकारचा होता. तीन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर चालू असताना तेरा ते पंधरा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. बी प्रकारचा सोळा अँपिअरचा एमसीबी अठ्ठेचाळीस ते ऐंशी अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो, म्हणजे यंत्र चालू करताच तो पडण्याचीच शक्यता अधिक. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सॉसाठी वीस अँपिअरचे स्वतंत्र सर्किट आणि सी प्रकारचा एमसीबी बसवून घेतला, तर भुसा ओढणाऱ्या यंत्रासाठी दुसरे सर्किट घेतले, कारण ही दोन्ही यंत्रे नेहमी एकाच वेळी चालतात. पाटीवर मोटर कोणत्या वारंवारतेची आहे हेही आवर्जून पाहण्यात आले. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर लावली तर ती एक षष्ठांशाने सावकाश फिरते आणि अधिक तापते, ही गोष्ट माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर कधीच नसते.

उभारणी

यंत्र खोलीत आणण्यासाठी दोन पायऱ्या उतराव्या लागणार होत्या. पेटी आणि टेबल एकत्र उतरवण्याऐवजी टेबलाचे बिडाचे पंख, रूळ आणि फेन्स सुटे काढून आधी आत नेले आणि उरलेला भाग जाड फळ्यांच्या उतारावरून दोरीने रोखत खाली सोडला. चाकांचा तळ आधीच मागवला होता, पण खोलीच्या फरशीला पाण्यासाठी दिलेला उतार लक्षात आला नव्हता. चाके उचलून यंत्र पायांवर टेकवले की एक पाय अधांतरी राहत असे. पायांखाली पोलादी पत्र्याचे तुकडे घालून हे निस्तरले आणि जागा कायम करण्यात आली. चाकांचा वापर त्यानंतर झालेला नाही.

मग डायल गेजने मापे घेतली. पाते टेबलावरील खाचेशी ०.०५ मिलिमीटरच्या आत समांतर होते, पण ४५ अंशांत कलवल्यावर हेच अंतर वाढून ०.२ मिलिमीटर झाले. याचे कारण ट्रनियन ज्या अक्षावर फिरतात तो अक्ष आणि टेबलाची पातळी यांत सूक्ष्म फरक असणे हे असते. टेबल आणि पेटी यांच्या मधोमध, पुढच्या किंवा मागच्या बाजूला पातळ पितळी पत्रा घालून तो दूर करता येतो. टेबलाचे बोल्ट आणि पत्रे यांत एक सुटीचा दिवस गेला. पाते उभे असतानाच तपासून समाधान मानणाऱ्यांना हा दोष पुढे तिरक्या जोडांत फट म्हणून दिसतो आणि ते गुण्याला किंवा आपल्या हाताला दोष देत बसतात. फेन्स मात्र जाणीवपूर्वक पूर्ण समांतर ठेवली नाही. मागच्या टोकाला ती पात्यापासून ०.१ मिलिमीटर दूर ठेवण्यात आली, जेणेकरून पट्टी मागच्या दातांवर दाबली जाणार नाही.

परिणाम

वर्षभराच्या वापरानंतरचे चित्र असे आहे. चिरलेल्या कडा थेट सांध्याला लावण्याजोग्या निघतात आणि रंध्यावर पुन्हा घेण्याचे काम बहुतांशी थांबले आहे. जाड फळी चिरताना मोटरचा आवाज बदलत नाही. रायव्हिंग नाइफ एका खटक्यावर बसते आणि निघते, आणि खाचा पाडून झाल्यावर ती परत बसवली जाते, हे मुलीने स्वतःहून सांगितले.

पाते थांबवणारी यंत्रणा एकदा उडाली. कारण बोट नव्हते; आडव्या छेदाच्या मायटर गेजला, म्हणजे फळी ठरावीक कोनात धरून पुढे सरकवणाऱ्या मापकाला, जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कोन बदलल्यावर पात्याच्या वाटेत आली होती आणि ते लक्षात आले नाही. पाते आणि ठोकळा वाया गेला, आणि सुटा ठोकळा जवळ नसल्याने नवा येईपर्यंत सॉ बंद राहिली. त्यानंतर गेजला लाकडाची पट्टी जोडण्यात आली आणि एक ठोकळा नेहमी खणात ठेवण्याचे ठरले. या प्रसंगाकडे खर्चिक चूक म्हणून पाहता येते. यंत्रणा चालू स्थितीत आहे याची खातरी करून देणारा तो एकमेव प्रसंग होता असेही म्हणता येते, कारण ती पडताळून पाहण्याची दुसरी कोणतीही स्वस्त रीत नाही.

काय वेगळे करता आले असते

फरशीचा उतार पाण्याच्या पातळीने तपासायला पाच मिनिटे लागली असती आणि चाकांच्या तळाचा खर्च वाचला असता. विजेचे काम यंत्राची मागणी नोंदवण्याआधी व्हायला हवे होते. यंत्र आल्यावर ते कित्येक दिवस खोक्यात पडून होते. तीन अश्वशक्तीच्या प्रश्नावर लेखकाचे मत बदललेले नाही, नोंदी अजूनही लहान मोटरकडेच बोट दाखवतात. परंतु एकच नाइफ आणि एकाच जाडीची पाती हा जो शिस्तीचा लाभ झाला तो लहान मोटरने मिळाला असता असे ठामपणे म्हणता येत नाही.

सर्वांत मोठी त्रुटी भुशाबाबत राहिली आहे. पेटीला खाली १०० मिलिमीटरचे तोंड आहे. एवढ्या नळीत भुसा तरंगत राहावा यासाठी हवेचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असावा लागतो, म्हणजे तासाला सुमारे ५६० घनमीटर हवा ओढावी लागते, आणि खोलीतील जुने यंत्र लांब, वळणावळणाच्या नळीतून तेवढी ओढत नाही. पात्याच्या वरून उडणारी बारीक धूळ तर पेटीपर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी झाकणालाच वरून वेगळी नळी जोडावी लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे, त्यामुळे हा खर्च पुढे ढकलण्याचा नाही. सॉ आणि भुसा ओढणारे यंत्र यांचा विचार आरंभीपासून एकाच हिशेबात झाला असता तर कदाचित मोटर लहान घेऊन उरलेल्या रकमेत नळ्या, झाकण आणि मोठा पंखा बसले असते. सध्या मुलगी काम करताना मास्क लावते आणि गृहस्थांनी नळीचा मार्ग आखूड करण्यासाठी भिंतीला भोक पाडून पंखा बाहेर ठेवण्याचा आराखडा तयार केला आहे.